पलटणीतून परत आल्यावर

दापोलीला आमच्या भागातली जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. मंडणगडच्या एसटीत शेजारी बसलेली आजी "कॅम्पात चाललेय, बँकेत" असं सांगते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजांनी १८१८ नंतर इथे छावणी बसवली. पुढे पलटणी हलल्या, बराकी मोडल्या आणि मागे राहिले ते पेन्शनर. या पेन्शनरांबद्दल मला लिहायचं आहे. आणि त्यांच्यासोबत समुद्रापलीकडच्या, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या तोंडाशी राहणाऱ्या आणखी काही पेन्शनरांबद्दल.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या बौद्धवाडीतली जयंती मी कळायला लागल्यापासून पाहत आलेय. दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून भीमा कोरेगाव येतं, यायलाच हवं. १ जानेवारी १८१८. स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावं महार शिपायांची, शेवटी 'नाक' असलेली. ती नावं ऐकताना आजही माझी मान ताठ होते. पण लढाई संपल्यावर, वर्दी उतरवून गावी आल्यावर या माणसांनी काय केलं, हे आमच्या व्यासपीठावर फारसं येत नाही. बंदूक धरलेला शिपाई आमच्या फलकांवर आहे. चष्मा लावून अर्ज लिहिणारा म्हातारा हवालदार नाही. माझ्या मते आपलं खरं काम त्या म्हाताऱ्यानं केलं.

कोकणातले लोक पलटणीत का गेले हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. जमीन खोताची. आपल्या वाट्याला गावकीची कामं: मेलेलं ढोर ओढणं, सांगावा पोचवणं, लाकडं फोडणं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणं. मुंबई इलाख्याच्या फौजेत रोख पगार मिळाला, अंगावर चांगला कपडा आला आणि शाळा मिळाली. यातली शाळा मला सगळ्यांत मोठी वाटते. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकणं सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. निवृत्तीनंतर ते कुटुंब घेऊन दापोलीत राहायला आले, तेव्हा १८९१ साली महूला जन्मलेला त्यांचा धाकटा मुलगा अगदी लहान होता. तो मुलगा पुढे कोण झाला हे सगळं जग जाणतं. पण त्या घरात पुस्तकं कुठून आली, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप कुठे घडला, याचं उत्तर पलटणीच्या शाळेत आहे.

माझा भाचा, भावाचा मुलगा, मर्चंट नेव्हीत आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत असा एक तरी असतोच. त्याचं जहाज न्यू ऑर्लिन्सला लागलं होतं. मोकळा वेळ मिळाला तेव्हा तो शहराजवळच्या शॅल्मेट नावाच्या ठिकाणी गेला. तिथे सरकारी लष्करी दफनभूमी आहे. त्यानं मला फोटो पाठवले: गवतात ओळीनं लावलेले बुटके पांढरे दगड, काहींवर नावाखाली यू. एस. सी. टी. अशी अक्षरं. "आत्या, हे आपल्यासारखेच वाटतात. कोण होते, तू वाचून सांग." एवढाच मेसेज. त्यानंतर मी जे वाचत गेले, ते वाचताना पानोपानी मला दापोली दिसत होती.

ती अक्षरं म्हणजे युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई होते. आरमारात आणखी सुमारे १९,०००. त्यांतले जवळजवळ ४०,००० मेले, आणि गोळीपेक्षा रोगराईनं कितीतरी जास्त. बहुतेक जण गुलामीतून आलेले. पण सगळे नाही. युद्धाआधीपासूनच स्वतंत्र असलेल्या काळ्या लोकांची मोठी वस्ती तिथे होती. एकट्या लुईझियाना राज्यात १८६० साली अशी १८,००० वर माणसं होती, बरीचशी न्यू ऑर्लिन्स शहरात. गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, सिगार वळणारे, काही चांगले सधन व्यापारी. घरात फ्रेंच बोलणारे, चर्चमध्ये जाणारे, लिहिता-वाचता येणारे. त्यांच्या आधीच्या पिढीनं १८१५ साली इंग्रजांविरुद्ध शहर राखायला बंदुका धरल्या होत्या.

या लोकांच्या गोष्टीत एक अवघड जागा आहे आणि ती मी वगळणार नाही. त्यांच्यातल्या काही सधन घरांकडे स्वतःचे गुलाम होते. आणि १८६१ साली युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी 'नेटिव्ह गार्ड' नावाची पलटण उभारली ती दक्षिणेच्या बाजूनं, गुलामगिरी राखू पाहणाऱ्यांच्या बाजूनं. मालमत्ता वाचवायची होती, शहरात राहायचं होतं, संशय नको होता. दक्षिणेच्या सरकारनं त्यांना संचलनापुरतं मिरवलं, लढाईत काही घेतलं नाही. एप्रिल १८६२ मध्ये युनियनच्या आरमारानं शहर घेतलं. गोरे सैनिक पळाले, हे मागे राहिले, आणि सप्टेंबर १८६२ मध्ये त्याच नावाची पलटण युनियनच्या सैन्यात दाखल झाली. या वेळी रांगेत मळ्यांतून पळून आलेले गुलामही होते. स्वतंत्र जन्मलेला सुतार आणि काल बेडी तोडून आलेला मजूर एका ओळीत उभे राहिले. मला वाटतं, त्यांचा समाज खऱ्या अर्थानं तिथे जन्माला आला.

आपल्याकडे हा प्रश्न नव्हता असं कुणी म्हणू नये. कॅम्पातल्या पेन्शनराचं कौलारू घर, ट्रंकेतली पदकं, महिन्याला येणारी रक्कम. आणि चार कोसांवरच्या गावात त्याचाच चुलतभाऊ वतनाच्या भाकरीसाठी दारोदार. दोघांमध्ये अंतर पडलंच असणार. ते पुढे कुणी बुजवलं, ते सांगते. त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायची आहे.

आंद्रे काययू. जन्म गुलामीत, १८२५ साली. १८४६ मध्ये मुक्त झाला. सिगार बनवण्याचा धंदा. लिहायला-वाचायला शिकला, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलायचा. आपला रंग शहरात सगळ्यांत काळा आहे असं छाती काढून सांगायचा. नेटिव्ह गार्डमध्ये तो कॅप्टन झाला. २७ मे १८६३ रोजी मिसिसिपीकाठच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या पोर्ट हडसनच्या तटबंदीवर त्याच्या तुकडीला सोडलं. समोर उंचवट्यावर तोफा, मध्ये पाणी आणि पडलेली झाडं. जागा अशी की कुठल्याही सैन्यानं तिथून जिंकणं शक्यच नव्हतं. डावा हात मोडून लोंबत असताना तो दोन्ही भाषांत माणसांना पुढे बोलावत राहिला आणि तिथेच पडला. त्याचं प्रेत तिथून कुणी उचलू शकलं नाही. ९ जुलैला किल्ला शरण आला तोवर ते उन्हापावसात तसंच होतं. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून.

२९ जुलैला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली. हजारो माणसं रस्त्यावर. त्यात पुढे होत्या त्या काळ्या लोकांच्या परस्पर मदत मंडळ्या, तीसहून अधिक, आपापल्या खुणा लावून. वर्गणी गोळा करायची, आजाऱ्याला औषध द्यायचं, मेलेल्याला मान राखून मूठमाती द्यायची, हे या मंडळ्यांचं काम. काययू स्वतः अशा एका मंडळीचा पदाधिकारी होता. हे वाचलं तेव्हा मला आमचं मुंबईचं गावमंडळ आठवलं. चाळीतल्या एका खोलीत महिन्याची सभा, वहीत वर्गणी, कुणी वारलं तर रात्रीत गाडी ठरवून मयत गावी पोचवणारी पोरं. आपल्याला हे साधं वाटतं, कारण आपण त्यातच वाढलो. पण कुणीतरी ही शिस्त पहिल्यांदा आणलेली असते: हिशेब लिहायचा, पावती फाडायची, सभेत उभं राहून बोलायचं. आमच्याकडे ती बरीचशी पलटणीतून आलेल्यांनी आणली, असं मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगते.

या पलटणीचा बाकीचा इतिहास वाचताना राग येतो. जनरल बँक्स या नव्या सेनापतीला काळे अधिकारी नको होते. त्यानं एकेकाला राजीनामा द्यायला भाग पाडलं. साध्या शिपायांचा पगारही वेगळा: गोऱ्याला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातून कपड्याचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं, ज्यात उत्तरेकडचे स्वतंत्र काळे पुष्कळ होते, तो पगार घ्यायलाच नकार दिला. घरी बायकामुलं उपाशी असताना दीड वर्ष बिनपगारी लढले, पण कमी घेतला नाही. जून १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं समान पगाराचा कायदा केला.

आणि आता मुख्य गोष्ट. राजीनामा द्यावा लागलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक, अर्नोल्ड बर्तोनो, दारूचा व्यापारी होता. त्यानं आणि ज्याँ बातिस्त रुदानेझ या इंजिनियरनं हजारावर सह्यांचा अर्ज घेऊन वॉशिंग्टन गाठलं. मार्च १८६४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष लिंकनना भेटले. सह्या करणाऱ्यांत १८१५ च्या लढाईतले सत्तावीस म्हातारे होते. मागणी मतदानाच्या हक्काची. मूळ अर्ज होता युद्धाआधीपासून स्वतंत्र असलेल्यांसाठी, म्हणजे स्वतःपुरता. पण वॉशिंग्टनमध्ये त्यांनी त्याला पुरवणी जोडली आणि गुलामीत जन्मलेल्यांसकट सगळ्यांसाठी हक्क मागितला. हीच ती अंतर बुजवण्याची गोष्ट. लिंकननं दुसऱ्याच दिवशी लुईझियानाच्या गव्हर्नरला खाजगी पत्र लिहून सुचवलं की निदान शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्यांना मत देता येईल का पाहावं. आपले लोक आजही कचेरीत अर्ज देतात तेव्हा कुणी म्हणतं, अर्जानं काय होतं? अर्जानं हे होतं.

आता आपल्या कॅम्पात या.

गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीत हवालदार. १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारातले. 'दीनबंधू' पत्रात लिहायचे. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका छापली आणि धर्माच्या ठेकेदारांना लेखी प्रश्न विचारले: विटाळ कुठल्या आधारानं पाळता, सांगा. दापोलीतल्या पेन्शनरांना घेऊन 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. एक निवृत्त हवालदार, सरकारच्या तुटपुंज्या पेन्शनवर, गावोगाव फिरून सांगतोय की मेलेलं ओढू नका, मुलांना शाळेत घाला. ज्या चुलतभावाला वतनाच्या भाकरीत सोडून तो कॅम्पात राहू शकला असता, त्याच्या दारात तो स्वतः चालत गेला.

आणि मग सरकारनं दार लावलं. लढवय्या जाती आणि बिगर लढवय्या जाती अशी विभागणी इंग्रजांच्या डोक्यात शिरली आणि १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या दगडावर आहेत, त्यांच्या पोरांना सांगितलं, तुम्ही लढाऊ नाही. पगार गेला ते गेलंच, त्याबरोबर पलटणीची शाळाही गेली. १८९४ साली वलंगकरांनी मुंबईच्या सरसेनापतीला उद्देशून अर्ज लिहिला. त्यात त्यांनी असं मांडलं की आम्ही मुळात क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात नको ते खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेलो. हा युक्तिवाद मला पटत नाही. माणूस म्हणून हक्क मागायला क्षत्रिय कशाला असावं लागतं? आणि मंडळीच्या नावात 'अनार्य' लिहिणाऱ्या माणसानं क्षत्रियपण मागावं यात ओढाताण स्पष्ट दिसते. पण समोरचा साहेब ज्या भाषेत ऐकतो त्या भाषेत बोलून पोरांच्या भाकरीचं दार उघडू पाहणारा बाप मला त्यात दिसतो, आणि माझा त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. १८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तर सवर्ण सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला विरोध केला. १९०० साली ते वारले.

१८९२ हे साल मला सोडत नाही. त्याच वर्षी जून महिन्यात न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसी नावाच्या चांभारानं गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसून मुद्दाम अटक करून घेतली. त्याच्या पाठीशी शहरातल्या जुन्या स्वतंत्र घराण्यांतल्या लोकांची नागरिक समिती होती. वर्गण्या काढून त्यांनी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १८९६ साली हरले. मधल्या तीस वर्षांत त्यांनी काय काय उभारलं होतं! १८६४ पासून काळ्या लोकांनी चालवलेलं दैनिक, 'न्यू ऑर्लिन्स ट्रिब्यून'. ३० जुलै १८६६ ला मतदानाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर जमावानं आणि पोलिसांनी हल्ला केला, तीसहून अधिक काळी माणसं मारली. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी ट्रामगाड्यांचा लढा जिंकला. काळ्यांसाठी तिथे वेगळ्या ट्राम असत, त्यांवर तारा रंगवलेला. लोक गोऱ्यांच्या गाड्यांत चढून बसले, उतरायला नाही म्हणाले, आणि मे १८६७ मध्ये ताऱ्याच्या गाड्या बंद झाल्या. १८६८ च्या राज्यघटनेत सगळ्या मुलांना एका शाळेत बसण्याचा हक्क आला. नेटिव्ह गार्डमधून राजीनामा द्यावा लागलेला पिंचबॅक १८७२ च्या डिसेंबरात काही आठवडे राज्याचा गव्हर्नरही झाला. पुढे केंद्र सरकारनं हात काढून घेतला आणि १८९८ च्या नव्या घटनेनं मतदार यादीतून काळी नावं पुसली: सुमारे १,३०,००० वरून चार वर्षांत जेमतेम ५,००० वर.

मिझुरी राज्यातली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून सगळ्यांत जवळची वाटते. ६२ व्या आणि ६५ व्या कलर्ड पलटणीच्या शिपायांनी, ज्यांतले बहुतेक गुलामीतून आलेले, लष्कराच्या छावणीत वाचायला शिकायला सुरुवात केली होती. पलटण सुटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या त्या एवढ्याशा पगारातून वर्गणी काढली. अधिकाऱ्यांची भर घालून सुमारे ६,००० डॉलर जमले, आणि १८६६ साली जेफर्सन सिटीत शाळा सुरू झाली. आज ते लिंकन विद्यापीठ आहे. चिऱ्याच्या भिंती उभारायला वाडीनं घरटी पैसे काढलेले मी पाहिलेत. एका रोजंदारीच्या हातातून दहा रुपये सुटताना काय लागतं ते मला माहीत आहे.

आपली नाळ त्या लोकांशी मी आज जोडतेय असं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या मुक्तीच्या कामात काळ्या शिपायांचा स्वतःचा हात केवढा होता, हेही आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे.

आता माझ्या घरचं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा भरती झाले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण काढली होती आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली, म्हणून त्यांच्या वडिलांचा सरकारवर विश्वास नव्हता. आबा तरी गेले. १९५७ मध्ये नायक म्हणून पेन्शनीत आले. वाडी तेव्हा नुकतीच बौद्ध झाली होती, गावकीची कामं सोडली होती. त्याचं उत्तर गावानं दिलं होतं: दुकानातली उधारी बंद, गुरं रानात सोडायला मनाई, पाण्याला आडकाठी. आबांनी कुणावर आवाज चढवला नाही. ओटीवर ट्रंक आडवी ठेवून तिच्यावर कागद पसरून अर्ज लिहायला बसले. विहिरीचा अर्ज. शाळेच्या वर्गखोलीचा. स्मशानाच्या वाटेचा. कसत असलेल्या जमिनीवर कूळ म्हणून नाव लावण्याचा. बाबासाहेबांनी १९३७ सालीच कायदेमंडळात खोती मोडण्याचं बिल आणलं होतं, ते आबांना तोंडपाठ. प्रत्येक अर्जाला कार्बन पेपर. आणि पोरांना ताकीद: आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरायची नाही. मी स्वतः लहानपणी त्यांच्याबरोबर जाऊन तो क्रमांक वहीत उतरवून आणलाय. विहिरीला सात वर्षं लागली. पाणी लागलं तेव्हा पहिली कळशी आजीनं काढली.

आबा गेल्यावर आजीच्या पेन्शनचं घोडं अडलं. पलटणीच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरी ठेवलेलं. तुम्हीच त्यांच्या पत्नी हे सिद्ध करा, असं एका कचेरीत सांगितलं. लग्नाचा दाखला त्या काळात कुणाकडे होता? शेवटी आबांचे दोन साथीदार, एक खेड तालुक्यातले, एक गुहागरकडचे, काठी टेकत आले आणि शपथपत्रावर अंगठा नव्हे, सही करून गेले. अमेरिकेतल्या काळ्या शिपायांच्या विधवांचंही हेच झालं. गुलामीत झालेल्या लग्नाची नोंद कुठेच नाही, मग शेजाऱ्यांनी, पलटणीतल्या सोबत्यांनी साक्ष द्यायची: हो, आम्ही होतो त्या लग्नाला, हे पोर त्यांचंच. अशा साक्षींची हजारो पानं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत आणि आज त्यांची नातवंडं-पणतवंडं आपली माणसं त्यात शोधतात. काययूच्या विधवेलाही कॅप्टनची पत्नी असून पेन्शनसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

महाडबद्दल सगळे जाणतात: १९ आणि २० मार्च १९२७, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, चवदार तळं. तयारी करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, सुभेदार विश्राम सवादकर होते. बाबासाहेबांनी त्या भाषणात या भागातल्या लष्करी पेन्शनरांच्या पिढीची आठवण काढली, एकेकाळी हा मुलूख कसा जागा होता ते सांगितलं. पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा मंडळींत महायुद्ध पाहून आलेले गडी होते. हुकूम मिळता तर त्यांनी काय केलं असतं ते सांगायला नको. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही, आणि ते थांबले. त्यानंतर दहा वर्षं कोर्टात कागदाची लढाई चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकली.

या पावसाळ्यात आमच्या विहारात आम्ही वाडीतल्या ट्रंका उघडायचं ठरवलं आहे. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर, महाड, पोलादपूर, जिथे कुठे हे वाचत असाल तिथे तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल. डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, जुने फोटो, सगळं ठेवा. पदकं चिंच किंवा राख लावून घासू नका. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती झिजून जाते. कागद लॅमिनेट करू नका, आतल्या आत पिवळे पडतात. फोनवर उजेडात सपाट फोटो काढा, मागची बाजूही काढा, कारण गावाचं नाव आणि साक्षीदाराची सही पुष्कळदा मागे असते. घरातली म्हातारी अजून आहे तोवर तिला विचारून प्रत्येक कागदावर कोण, कुठला, कधीचा ते पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि अर्जाची कार्बन कॉपी सापडली तर पदकांच्या आधी तिचा फोटो काढा.